ड्रॉवरमधले जुने चार्जर: नव्या फोन-टॅबला कोणता पुरतो, कोणता नुसताच अडतो

ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर गायब झाला. जानेवारी २०२१ मध्ये गॅलेक्सी एस२१ ने तोच कित्ता गिरवला. तेव्हापासून नवा फोन आणि जुना चार्जर ही जोडी घरोघरी जमलेली आहे. ती जमते कुठे आणि बिनसते कुठे हे पाहण्यासाठी ड्रॉवरमध्ये साधारणपणे सापडणारे चार्जर आम्ही इथे एकेक करून तपासायला घेतले आहेत. जुन्या चार्जरचा दर्जा त्याच्या वॅटच्या आकड्यावरून ठरवू नका. कोणकोणते व्होल्ट तो देऊ शकतो आणि समोरच्या उपकरणाशी त्याची बोलणी होतात का, यावर सगळं अवलंबून असतं. चार्जर इतकीच, कधी कधी त्याहून जास्त, केबलही कारणीभूत असते.

आधी एक गैरसमज दूर करू. "मोठा चार्जर लावला तर फोनमध्ये जास्त करंट घुसेल" असं होत नाही. बॅटरी किती वेगाने भरायची हे फोनच्या आतली चार्जिंगची चिप ठरवते. बाहेरचं ठोकळं खरं तर नुसतं अडॅप्टर असतं, ठरलेल्या व्होल्टला वीज पुरवणारं. ३ अँपिअरच्या चार्जरला अर्धा अँपिअर घेणारा इअरबड लावला तर अर्धाच अँपिअर वाहतो. अँपिअर जास्त असले म्हणून काही बिघडत नाही. व्होल्ट चुकले तर मात्र बिघडतं. म्हणून यापुढे सगळीकडे व्होल्टकडे लक्ष ठेवा.

लेबल वाचणं

चार्जर उलटा करून उजेडात तिरका धरला की करड्यावर करड्या रंगात छापलेली 'आउटपुट' ची ओळ दिसते. तिथे '५ व्होल्ट १ अँपिअर' एवढंच असेल तर तो चार्जर एकच गोष्ट जाणतो. '५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट २ अँपिअर, १२ व्होल्ट १.५ अँपिअर' अशी यादी असेल तर तो बोलणी करणारा चार्जर आहे: सुरुवात ५ व्होल्टने, समोरच्याने मागितलं तरच ९ किंवा १२. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार केला की वॅट मिळतात. यादीतल्या पहिल्या जोडीचे १५ वॅट होतात, पुढच्या दोन्हींचे १८.

'इनपुट' ची ओळही वाचा. १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असेल तर चार्जर आजच्या पद्धतीचा, स्विचिंगचा आहे. एकच आकडा आणि हाताला जड लागणारं वजन म्हणजे आत लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर. त्या जातीकडे शेवटी येऊ, कारण तिथेच खरा धोका आहे.

५ व्होल्ट १ अँपिअर: हळू, पण गुणी

पाच वॅटचा हा छोटा ठोकळा नव्या फोनला लावला की पडद्यावर 'स्लो चार्जिंग' येतं आणि लोक त्याला बाद करतात. हिशोब करून पाहा. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे ३.८५ व्होल्टच्या हिशोबाने सुमारे १९ वॅट-तास. वाटेत पाचवा हिस्सा उष्णतेत जातो असं धरलं तर चार्जरला २४ वॅट-तास पुरवावे लागतील, म्हणजे पाच वॅटने जवळपास पाच तास. रात्री झोपताना लावला तर सकाळी फोन भरलेला मिळतो. शिवाय हळू भरताना बॅटरी कमी तापते आणि उष्णता हीच लिथियम बॅटरीची मोठी शत्रू. रात्रीच्या चार्जिंगला हा चार्जर आम्ही आनंदाने पास करतो.

नापास होतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे मोठा टॅब. १०,००० एमएएचच्या टॅबला बंद अवस्थेतही दहा तास लागतील, आणि पडदा पूर्ण उजेडात चालू ठेवला तर टॅब स्वतःच चार-पाच वॅट खातो. चार्जर लावलेला, विजेचं चिन्ह दिसतंय आणि टक्के मात्र तिथेच, ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. दुसरी मोठी पॉवर बँक. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-तास, भरायला सतरा तासांच्या वर. तीच १८ वॅटच्या चार्जरवर पाच तासांत भरते.

दोन-सव्वादोन अँपिअरवाले

टॅबबरोबर आलेले १० आणि १२ वॅटचे चार्जर आजही सर्वांत कामाचे आहेत. ५ व्होल्टच्या पलीकडे ते जात नाहीत, त्यामुळे भलतं काही घडण्याची शक्यता कमी. पण चार्जरवर २.१ अँपिअर लिहिलेलं असूनही फोन अर्धाच अँपिअर घेतो, असं पुष्कळदा होतं. याचं कारण यूएसबीच्या मधल्या दोन डेटा तारांमध्ये आहे.

फोनला समोर चार्जर आहे की कॉम्प्युटर, हे त्या दोन तारांवरून कळतं. २०१० च्या बॅटरी चार्जिंग १.२ या नियमानुसार चार्जरमध्ये या दोन तारा आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. ते दिसलं की फोन दीड अँपिअरपर्यंत घ्यायला मोकळा. ॲपलने वेगळी पद्धत ठेवली: दोन्ही तारांवर ठरावीक व्होल्ट. एकीवर २ आणि दुसरीवर २.७ असेल तर १ अँपिअर, ही जोडी उलटी असेल तर २.१, आणि दोन्हींवर २.७ असेल तर २.४. आता जुना ॲपल पद्धतीचा चार्जर एखाद्या अँड्रॉइड फोनला लावला आणि त्या फोनला ही खूण ओळखता आली नाही, तर तो समोर कॉम्प्युटरचा पोर्ट आहे असं समजून ५०० मिलिअँपिअरवर थांबतो. २.५ वॅट, म्हणजे तेच १९ वॅट-तास भरायला दहा तास. फक्त चार्जिंगसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा मुळातच नसल्या, तरी हाच परिणाम होऊ शकतो. अशा वेळी चार्जर फेकण्याआधी डेटावाली केबल लावून पाहा.

क्विक चार्जवाले

चिप बनवणाऱ्या क्वालकॉमचं क्विक चार्ज २.० आलं आणि ए पोर्टमधून, म्हणजे यूएसबीच्या जुन्या चौकोनी सॉकेटमधून, ९ व १२ व्होल्ट मिळू लागले. ३.० मध्ये ३.६ ते २० व्होल्टच्या दरम्यान ०.२ व्होल्टच्या पायऱ्या आल्या. बोलणी त्याच डेटा तारांवरून चालतात: फोन एका तारेवर ०.६ व्होल्ट सव्वा सेकंदाहून जास्त वेळ धरतो, चार्जर प्रतिसाद देतो, मग ३.३ आणि ०.६ च्या जोडीने ९ व्होल्ट मागितले जातात. तुमच्या जुन्या चार्जरवर विजेची खूण आणि ९ व्होल्टची नोंद असेल तर तो बहुधा या घराण्यातला.

नव्या फोनवर याचा उपयोग मिळेल की नाही, हे फोनवर अवलंबून. सॅमसंगचा जुना १५ वॅटचा ॲडॅप्टिव्ह फास्ट चार्जर, ९ व्होल्ट १.६७ अँपिअरचा, नव्या गॅलेक्सी फोनलाही साध्या 'फास्ट चार्जिंग' पुरता चालतो. आयफोन आणि गूगलचे पिक्सेल फोन क्विक चार्जकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ते ५ व्होल्टवरच राहतात. बिघडत काही नाही, पण १८ वॅटच्या ठोकळ्यातून दहा-बारा वॅटच्या आतच पदरात पडतं. ए पोर्टमधून आजची पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी ही यूएसबीची सामाईक जलद चार्जिंगची पद्धत, मिळत नाही. पीडीची बोलणी टाइप-सीच्या वेगळ्या सीसी पिनवरून चालतात आणि ए प्लगमध्ये ती पिनच नाही. 'ए ते सी' केबल कितीही महागाची घेतली तरी हे बदलत नाही.

ओप्पोची व्हूक, वनप्लसची डॅश यांसारख्या कंपन्यांच्या खासगी पद्धती थोडक्यात आटोपता येतील. ५ व्होल्टवरच ४ अँपिअर पाठवायचे आणि जास्तीची उष्णता फोनऐवजी चार्जरमध्ये ठेवायची, ही त्यांची युक्ती. त्यासाठी जाड तारांची, जादा पिन असलेली स्वतःची केबल लागते. त्याच घराण्याचा फोन असेल तर चार्जर आणि केबल दोन्ही जपून ठेवा. दुसऱ्या कंपनीच्या फोनला तो साध्या ५ व्होल्टच्या चार्जरसारखा वागतो. केबल मात्र सोन्यासारखी: जाड तारांमुळे इतर चार्जरवरही ती बारीक केबलपेक्षा बरी चालते.

पहिल्या पिढीचे टाइप-सी चार्जर

हे सर्वांत फसवे. सी पोर्ट दिसला की सगळं चालणार असं वाटतं, आणि इथेच व्होल्टची यादी वाचायची राहते.

निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलबरोबर आलेला चार्जर घ्या. एकूण ३९ वॅटचा, पण त्याच्या यादीत दोनच ओळी: ५ व्होल्ट १.५ अँपिअर आणि १५ व्होल्ट २.६ अँपिअर. फोनला हवे असतात ९. मधली पायरीच नसल्याने फोन ५ वर थांबतो आणि ३९ वॅटच्या चार्जरमधून साडेसात वॅट घेतो. मॅकबुक प्रोचा ८७ वॅटचा जुना चार्जर याच्या उलट. त्यात ५.२, ९ आणि २०.२ व्होल्ट आहेत, १५ नाहीत. फोनला तो छान चालतो, पण स्विचला टीव्हीशी जोडणाऱ्या डॉकला १५ व्होल्टच हवे असल्याने टीव्हीवर चित्र येत नाही. ८७ वॅट असूनही.

पीडी २.० नंतर ५, ९, १५ आणि २० व्होल्ट ही शिडी पक्की झाली. त्यानंतरचा १८ वॅटचा पीडी चार्जर ९ व्होल्ट २ अँपिअर देतो आणि आयफोन ८ पासूनच्या कोणत्याही आयफोनला तो व्यवस्थित पुरतो. २० वॅटच्या तुलनेत पडणारा फरक घड्याळ घेऊन बसलं तरच कळावा असा. ॲपलच्या मॅगसेफ या वायरलेस चार्जिंगच्या चकतीचं मात्र तसं नाही. पूर्ण १५ वॅटसाठी तिला ९ व्होल्ट आणि निदान २.२२ अँपिअर लागतात. १८ वॅटवर ती चालते, पण हात आखडून.

अँड्रॉइडच्या बाजूला अडथळा पीपीएसचा. पीडी ३.० मध्ये आलेल्या या सोयीत फोन चार्जरला २० मिलिव्होल्टच्या बारीक पायऱ्यांनी व्होल्ट वर-खाली करायला सांगतो. त्यामुळे व्होल्ट उतरवण्याचं काम फोनच्या आत कमी होतं आणि फोन कमी तापतो. सॅमसंगचं २५ वॅटचं 'सुपर फास्ट' याच्यावरच चालतं. म्हणून जुना ३० किंवा ६० वॅटचा पीडी चार्जर लावला तरी, त्यात पीपीएस नसेल तर फोन साध्या 'फास्ट' वर उतरतो. लेबलवर 'पीपीएस' ही अक्षरं आणि '३.३ ते ११ व्होल्ट' अशी पल्ल्याची नोंद शोधा. ती नसेल तर वॅट कितीही असोत, उपयोग नाही. ४५ वॅटसाठी त्यावर ५ अँपिअरची केबलही लागते.

लॅपटॉपला फोनचा जुना १८ वॅटचा चार्जर लावू नये असं काही नाही, पण अपेक्षा ठेवू नका. बरेच लॅपटॉप २० व्होल्टच मागतात आणि या चार्जरची यादी ९ किंवा १२ ला संपते. ३० वॅटचा २० व्होल्ट देणारा चार्जर असेल, तर ५० वॅट-तासांचा छोटा लॅपटॉप झाकण बंद असताना दोन-अडीच तासांत भरतो. काम चालू असेल तर टक्के टिकले तरी पुष्कळ.

केबल: निम्मे दोष हिच्या माथी

केबलच्या अंगावर बारीक अक्षरांत '२८ एडब्ल्यूजी/१पी २४ एडब्ल्यूजी/२सी' असं काही छापलेलं दिसेल. पहिला आकडा डेटाच्या तारांचा, दुसरा विजेच्या तारांचा, आणि आकडा जितका लहान तितकी तार जाड. २८ नंबरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला ०.२१ ओहम. एक मीटर केबलमध्ये जायची-यायची मिळून दोन मीटर तार, म्हणजे ०.४३ ओहम. २ अँपिअर वाहिले की ०.८५ व्होल्ट वाटेतच गळतात आणि फोनपाशी ४.१५ पोचतात. इतके कमी व्होल्ट पाहून फोन आपणहून करंट कमी करतो. विजेच्या तारा २४ नंबरच्या असतील तर घट ०.३४ वर येते. म्हणून जुना २ अँपिअरचा चार्जर 'मेला' असं म्हणण्याआधी आखूड, जाड केबल लावून पाहा. ९ व्होल्टवर हीच गळती टक्केवारीने कमी भासते, म्हणून क्विक चार्जवाले बारीक केबलही खपवून घेतात.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. 'ए ते सी' केबलच्या सी टोकात एक छोटा रेझिस्टर असतो, ५६ किलोओहमचा. 'पलीकडे जुन्या पद्धतीचा पोर्ट आहे, जपून घे' हे तो फोनला सांगतो. टाइप-सी नवीन असताना काही केबलमध्ये त्याजागी १० किलोओहमचा टाकलेला असे. त्याचा अर्थ 'मी ३ अँपिअर देऊ शकतो'. मग नवा फोन १ अँपिअरच्या जुन्या चार्जरकडून ३ अँपिअर ओढू लागतो. चांगला चार्जर स्वतःला बंद-चालू करत राहतो, वाईट तापून जळतो, आणि लॅपटॉपचा पोर्ट असेल तर तो जातो. गूगलचे अभियंते बेन्सन लेउंग यांनी २०१५ पासून अशा केबल तपासून दोष चव्हाट्यावर आणले. फेब्रुवारी २०१६ मध्ये विजेची आणि ग्राउंडची तार उलटसुलट जोडलेल्या एका केबलने त्यांचा क्रोमबुक पिक्सेल लॅपटॉपच निकामी केला. त्या काळातली बेनामी 'ए ते सी' केबल ड्रॉवरमध्ये असेल तर तिची परीक्षा घेत बसू नका, टाकून द्या.

मायक्रो-यूएसबीच्या जुन्या केबलवर लावायची सी टोपणंही याच नियमात बसतात. 'मायक्रो आत, सी बाहेर' हे टोपण नियमाला धरून आहे, आत ५६ किलोओहम असेल तर बिनधास्त वापरा. 'ए प्लग, मागे सी सॉकेट' असलेलं टोपण मात्र टाइप-सीच्या नियमांत बसत नाही. फोन-चार्जरपुरतं ते चालतं, पण त्यातून दोन चार्जर समोरासमोर जोडले जाण्यासारख्या भलत्या जोडण्या तयार होतात.

जिथे जुनाच जिंकतो

ट्रिमर, टॉर्च, छोटा स्पीकर, खेळणी. सी सॉकेट आहे, नवा ६५ वॅटचा चार्जर 'सी ते सी' केबलने लावला, आणि दिवा लागतच नाही. उपकरण खराब समजून परत पाठवलं जातं. खरं कारण दोन क्षुल्लक रेझिस्टर.

सी पोर्ट रिकामा असताना त्यावर शून्य व्होल्ट असतात. समोर ५.१ किलोओहमचा रेझिस्टर दिसला तरच तो वीज सोडतो. उपकरणात असे दोन रेझिस्टर हवेत, प्रत्येक सीसी पिनला एक. ते वाचवण्याच्या नादात काही उत्पादक दोन्ही वगळतात, आणि नवा चार्जर ढिम्म राहतो. जुना ए पोर्ट काही विचारत नाही, त्यावर ५ व्होल्ट कायम असतात. म्हणून १ अँपिअरचा जुना ठोकळा आणि 'ए ते सी' केबल लावली की तेच उपकरण मुकाट्याने चार्ज होतं. काहींमध्ये एकच रेझिस्टर असतो. अशा वेळी सी प्लग उलटा करून घातला की काम होतं, इतकं सोपं. मोठ्यांच्याही हातून हे निसटतं: जून २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरच्या पहिल्या बोर्डात दोन्ही सीसी पिनांना मिळून एकच रेझिस्टर दिला होता. त्यामुळे चिप असलेली चांगली केबल लावली की चार्जर त्याला हेडफोनचं साधन समजून वीजच सोडत नसे. साध्या केबलवर मात्र तो चालायचा. पुढच्या आवृत्तीत हा दोष दुरुस्त झाला.

इअरबडची डबी ४००-५०० एमएएचची, घड्याळ त्याहून लहान. त्यांना अर्धा अँपिअर पुष्कळ झाला, त्यासाठी ६५ वॅटचा चार्जर अडवून ठेवण्यात अर्थ नाही. ॲपल वॉच सिरीज ७ पासूनचं जलद चार्जिंग मात्र सी टोकाच्या नव्या चकतीवरच मिळतं. जुनी ए टोकाची चकती चालते, पण जुन्याच वेगाने. वायरलेस पॅडचं गणित वेगळं: १० वॅटच्या पुढच्या पॅडला ९ व्होल्ट लागतात. १ अँपिअरच्या चार्जरवर ते लुकलुकत बसतात आणि फोन दर काही मिनिटांनी 'टिंग' करत राहतो.

वय झालेल्या चार्जरची तपासणी

चार्जरमध्ये सर्वांत आधी थकतो तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे व्होल्ट एकसारखे ठेवणारा भाग. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. १०५ अंशांना २००० तासांचा कपॅसिटर ६५ अंशांत ३२,००० तास टिकतो, म्हणजे सतत लावून ठेवलेल्या चार्जरमध्ये साडेतीन वर्षांच्या थोडं वर. तो सुकला की व्होल्टमध्ये तरंग वाढतात. त्याचं लक्षण नेहमी 'चार्ज होत नाही' असं नसतं. चार्जिंगला लावलं की टच वेडावाकडा चालतो, न दाबलेली अक्षरं उमटतात, काढलं की सगळं ठीक: अशा वेळी फोनच्या पडद्यावर खर्च करण्याआधी चार्जर बदला.

धातूच्या अंगाच्या टॅबला चार्जिंगच्या वेळी हात लावला की येणाऱ्या हलक्या झिणझिण्या ही वेगळी गोष्ट. दोन पिनांच्या चांगल्या चार्जरमध्येही आतल्या वाय कपॅसिटरमधून पाव मिलिअँपिअरच्या आतला प्रवाह येतो आणि तो जाणवू शकतो. झटका बसला, हात मागे आला, तर मात्र चार्जर त्याच क्षणी बाद.

छोटा यूएसबी मीटर असेल तर तपासणी दहा मिनिटांची. फोन २० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असताना करा, ८० च्या पुढे फोन आपणच करंट कमी करतो आणि चार्जरवर उगाच आळ येतो. आधी चार्जरला नुसता मीटर लावा: ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसायला हवेत. मग फोन जोडून दहा मिनिटं थांबा. लेबलवरच्या अँपिअरच्या जवळ गेल्यावर चार्जरच्या तोंडाशीच व्होल्ट ४.७५ च्या खाली जात असतील तर चार्जर थकलाय. तिथे ठीक आणि फोनच्या टोकाशी कमी असतील तर दोष केबलचा. आकडा सतत वर-खाली नाचत असेल तर ए सॉकेट सैल झालं आहे का पाहा. टाइप-सी १०,००० वेळा घालण्या-काढण्यासाठी बनवलेलं असतं, ए सॉकेटचं किमान बंधन फक्त १,५०० वेळांचं आहे. प्लग घातल्यावर आपल्या वजनाने लटकत असेल तर त्यातून २ अँपिअर नेऊ नका, सैल जोडणी तापते आणि प्लास्टिक वितळतं. कोमट चार्जर ठीक. हात ठेववत नसेल, करपट वास येत असेल, किंवा शिवणीवर तडा असेल तर मीटर लावायचीही गरज नाही.

गोल पिनेचे: इथे हात आखडा

ट्रान्सफॉर्मरच्या जड, जुन्या चार्जरमध्ये व्होल्ट आवरणारं काही नसतं. लेबलवरचा आकडा पूर्ण लोडचा असतो, रिकाम्यावर तो दीडपट चढलेला असू शकतो. जुन्या फोनमध्ये हे सोसणारी व्यवस्था होती. त्यावर 'गोल पिन ते टाइप-सी' टोपण चढवून नवा फोन जोडणं म्हणजे ५ च्या जागी किती येतील याचा जुगार.

लॅपटॉपच्या १९ व १९.५ व्होल्टच्या चार्जरवर बसणारी सी टोपणं दोन जातींची. चांगल्या जातीत पीडीची चिप असते: आधी ५ व्होल्ट, मागितल्यावर २०. वाईट जातीत १९ व्होल्ट सरळ सी पिनेवर येतात. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात. २४ व्होल्टपर्यंत सोसणारा मीटर दुसऱ्या टोकाला काहीही न जोडता त्यात घाला: मीटर लागलाच नाही तर ठीक, उजळून १९ दाखवू लागला तर ते टोपण चुकून फोनला लागण्याआधी तोडून टाका. डेलच्या चार्जरची आणखी एक खोड: मधल्या बारीक पिनेवरून लॅपटॉप चार्जरची ओळख विचारतो, उत्तर मिळालं नाही तर तो चालतो पण बॅटरी भरत नाही. ती पिन वाकली किंवा केबलमधली तिची तार तुटली की अस्सल चार्जरही परका ठरतो.

एवढ्या चाळणीनंतर नवा घ्यावाच लागला तर ३० किंवा ४५ वॅटचा, पीडी आणि पीपीएस दोन्ही असलेला, यादीत ५, ९, १५, २० चारही व्होल्ट असलेला घ्या, आणि जमल्यास एक ए पोर्टही असू द्या, ट्रिमरसाठी. दोन्ही पोर्ट एकदम वापरले की वॅट कसे विभागले जातात ते खोक्याच्या मागे छापलेलं असतं. बऱ्याच चार्जरमध्ये दुसरा प्लग घालताच पहिल्याची वीज क्षणभर तुटते आणि बोलणी नव्याने होतात. त्यावर बॅटरीविना चालणारं काही, समजा छोटा बोर्ड किंवा कॅमेरा, जोडलेलं असेल तर तो तिथेच रीस्टार्ट होतो. त्याच्यासाठी जुना २.४ अँपिअरचा ठोकळा वेगळा राखून ठेवा.